यू, तिरपी रेघ, एस

आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा. बाबांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही. एका कंपनीच्या स्टोअर्समध्ये त्यांनी वीस वर्षं इंग्रजी फॉर्म भरले होते. पण मला इंग्रजी शाळेत घालण्यासाठी ते आईशी आणि आजोबांशी भांडले होते, आणि त्या भांडणाचा काहीतरी उपयोग झालेला त्यांना दिसायला हवा होता. मी जेवत असले तरी ताटाशेजारी कागद ठेवायचे. "वाच गं जरा. काय म्हणतोय हा?"

मी फार बोलणारी मुलगी नव्हते. अजूनही नाही. उत्तर छोटं आणि ठाम दिलं की माणसं पुढचा प्रश्न विचारत नाहीत, हे मला शाळेतच कळलं होतं. 'बहुतेक' म्हटलं, 'बघून सांगते' म्हटलं, की समोरच्याला बोलत राहायला जागा मिळते. म्हणून मी 'बहुतेक' म्हणत नसे. आमच्या नातेवाइकांमध्ये याला हुशारी समजत.

बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. नव्वदीची सुरुवात होती. ठाण्यात एकेका कारखान्याच्या गेटला कुलूप लागत होतं, त्यामुळे कोणाला फार आश्चर्य वाटलं नाही. बाबांनी नौपाड्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं आणि कारखान्यांना हातमोजे, गॉगल, हेल्मेट पुरवायला सुरुवात केली. त्यांच्याबरोबर त्याच कंपनीतला एक फिटर आला. कोलशेतचा कोळी. बाबा त्याला नाखवा म्हणत, म्हणून आम्ही सगळेच म्हणायचो. खरं तर होडी त्याच्या वडिलांच्याच काळात विकली गेली होती. कंपनीत लागण्याआधी तो खाडीत डुबी मारून रेती काढायचा. बादली घेऊन तळाशी जायचं, ती भरायची आणि वर यायचं. किती वेळ दम धरतोस असं विचारलं की म्हणायचा, "तू सावकास शंबर आकडं मोज बाय, तवर खाली ऱ्हातो."

कोलशेतला त्याच्या घरामागे पत्र्याची शेड होती. तेच आमचं गोडाऊन.

त्या वर्षी फोर्टातला एक व्यापारी बाबांना भेटला. परदेशातल्या लष्करांनी काढून टाकलेला माल लिलावात घ्यायचा आणि इथे विकायचा, हा त्याचा धंदा. ताडपत्र्या, बूट, दुर्बिणी, जनरेटर. या खेपेला त्याच्याकडे कुठल्याशा आरमाराने काढलेले चाळीस ब्रीदिंग सेट आले होते, इंग्लंडहून बोटीने. पाठीला बांधायचा हवेचा सिलिंडर, त्याला रबरी नळी, नळीच्या टोकाला तोंडभर बसणारा मास्क, आणि छातीवर एक काटा, आत किती हवा उरली ते दाखवणारा. हवा संपत आली की शिट्टी वाजायची सोय होती. डोंबिवलीच्या रसायनांच्या कारखान्यांत तेव्हा टाक्या धुवायला माणसं तोंडाला ओला रुमाल बांधून उतरत. नवे सेट कारखाने घेत नसत, परवडत नाहीत म्हणत. जुने घेतील, असा बाबांचा हिशेब.

"सैन्याचा माल आहे," बाबा आईला सांगत होते. "सैनिकाच्या जिवाशी गाठ असते. तिथे हलकं काही चालत नाही."

"एवढं चांगलं आहे तर त्यांनी टाकलं कशाला?" आईने विचारलं. ती चहा गाळत होती, तिने वरसुद्धा बघितलं नाही.

"अगं, त्यांच्याकडे नवं मॉडेल येतं. फाटेपर्यंत वापरायची सवय आपल्याला."

व्यापाऱ्याने दिलेल्या कागदावर एक ओळ होती. बाबांनी ती माझ्यापुढे धरली. 'जसा आहे तसा, जिथे आहे तिथे', मी वाचून दाखवलं.

"म्हणजे पॅकिंग करून देणार नाही," बाबा म्हणाले. "ते आपण करू."

त्या ओळीचा अर्थ एवढाच नाही, माल बिघडलेला निघाला तर विकणारा जबाबदार नाही असाही आहे, हे मला कळत होतं. पण बाबांनी पेनाचं टोपण उघडलं होतं, आणि मला अभ्यासाला जायचं होतं.

माल कोलशेतला उतरला त्या रविवारी मीही गेले होते. लाकडी पेट्या फोडल्यावर आतून तेलाचा आणि जुन्या रबराचा वास आला. प्रत्येक सेटला जाड पिवळट कागदाचं एक लेबल सुतळीने बांधलेलं होतं. त्यावर कोणीतरी काळ्या शाईने हाताने अक्षरं काढली होती. यू, मग एक तिरपी रेघ, मग एस.

"यू, एस," बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. "अगं, हे यू.एस. म्हणजे?"

मी रेघ बघितली. मध्ये रेघ का आहे, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. नंतर पडला असं मी म्हणू शकले असते, पण ते खरं नाही.

"अमेरिका," मी म्हटलं.

नाखवा पेटीतलं गवत बाजूला करत होता. "आलाय इंग्लंडवरून ना, बाय? मंग अमेरिका कशी?"

"ते सगळं अमेरिकेकडूनच घेतात."

मी हे कुठेही वाचलेलं नव्हतं. पण त्याने पुढे काही विचारलं नाही.

तेव्हा आमच्याकडे 'मेड इन यूएसए' म्हटलं की लोक हसायचे. उल्हासनगरला बनलेल्या पंख्यांवरून आणि रेडिओंवरून सगळे तो विनोद करायचे. यूएसए म्हणजे उल्हासनगर. बाबांनी सिलिंडरवर टिचकी मारली. "हा उल्हासनगरचा नाही हं नाखवा. हा खराखुरा!" आणि मनापासून हसले. कंपनी बंद झाल्यापासून मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं.

सगळ्या पेट्या रिकाम्या झाल्यावर सहा सेट असे निघाले की त्यांच्यावर नुसतंच एस होतं. यू नाही, रेघ नाही.

"आणि हे काय?" बाबांनी विचारलं.

"सेकंड असेल. सेकंड क्वालिटी."

'असेल' म्हटलं मी, तेवढंच. पण आवाज नेहमीचाच होता. ते सहा सेट नाखव्याने कोपऱ्यात नेऊन ठेवले आणि त्यांच्यावर गोणपाट टाकलं. चौतीस अमेरिकन सेट पुढे मांडले.

त्यातला एक त्यांनी कळव्याच्या एका कॉम्प्रेसरवाल्याकडून हवा भरून आणला. तो चढवून नाखवा अंगणात फिरला. मग बाबांनी चढवला. मग शेजारचे दोघेतिघे येऊन चढवून गेले, लहान मुलांना घाबरवून झालं. दोन-तीन रविवार हेच चाललं होतं. बाबांचं लक्ष छातीवरच्या काट्याकडे होतं. काटा भरलेल्या सिलिंडरच्या खुणेवर होता, तिथून तो जवळपास हललाच नाही.

"बघितलंस? एवढे लोक फिरले तरी हवा तशीच. याला म्हणतात माल. पुन्हा भरायचीसुद्धा गरज नाही."

पहिल्या रविवारीच घरी आल्यावर मी शाळेतली डिक्शनरी काढली. मागच्या पानांवर लघुरूपं होती. यू, टिंब, एस, टिंब: युनायटेड स्टेट्स. मी पुस्तक मिटलं. टिंबांऐवजी रेघ काढायची एखाद्या कारकुनाची सवय असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण अंथरुणात, बसस्टॉपवर, कॉलेजच्या तासाला ती रेघ माझ्या डोळ्यांपुढे यायची. अमेरिकेचं नाव लिहायला कोणी रेघ का काढेल? आणि अमेरिकन मालाच्या पेटीत सेकंड क्वालिटी कोण मिसळेल? दहा-बारा दिवस मी हे कोणाशीही बोलले नाही. बोलायचं म्हणजे आधी 'मला नक्की माहीत नव्हतं' असं म्हणावं लागलं असतं.

डोंबिवलीच्या एका रंगांच्या कारखान्याने होकार कळवला. त्यांच्या सेफ्टी ऑफिसरची अट होती: आमच्या टाकीत उतरून दाखवा. पंधरा मिनिटं. मग दहा सेट घेऊ. हे जमलं तर आजूबाजूचे कारखानेही घेतील, असं बाबा म्हणत होते. उतरणार नाखवा. दुसऱ्या कोणाचं नाव निघालंच नाही. "खाडीच्या तलाशी काय दिसतंय? काय नाय. तसाच टाकीत," तो म्हणाला. मला बाबांनी कागदपत्रांसाठी बरोबर घेतलं. "तिथे इंग्रजी फॉर्म असतात. तू असलीस की बरं."

सकाळी आम्ही टेम्पोने निघालो. पुढे ड्रायव्हरशेजारी मी आणि बाबा, मागे अंगणात फिरवलेल्या त्याच सेटशेजारी नाखवा. कळवा, मुंब्रा, शीळफाटा. बाबांनी वाटेत माझ्या हातात एक जाड पाकीट दिलं. व्यापाऱ्याकडून आदल्या दिवशी आलेलं, मालाची मूळ यादी वगैरे. त्यांनी ते उघडलं नव्हतं. "मागतील ते काढून दे त्यांना." बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि काखेत तो भिजला होता. काटई नाक्यापासून हवेला वास यायला लागला. कारखान्याच्या भिंतीलगतच्या गटारातून गुलाबी पाणी वाहत होतं.

सेफ्टी ऑफिसर पन्नाशीचा, सडपातळ माणूस होता. त्याने सेट हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"कुठला?"

"अमेरिकन," बाबा म्हणाले. "आरमाराचा."

"वा. आमच्याकडे आजपर्यंत फक्त उल्हासनगरचा अमेरिकन माल आलाय." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "या मॅडम इंजिनिअर का?"

"मुलगी आहे. इंग्लिश मीडियमची. कागदपत्रं ती बघते."

टाकी आवारात मागे होती, दोन माणसांच्या उंचीची, वरून गोल तोंड असलेली. तळाशी बोटभर गाळ उरला होता. त्याचा वाफारा वरच्या तोंडापाशी उभं राहिलं तरी डोळ्यांना झोंबत होता. नाखव्याच्या कमरेला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक कारखान्याच्या एका कामगाराकडे. ऑफिसरने नियम सांगितला: आतून एक झटका म्हणजे ठीक आहे. बाहेरून तीन झटके म्हणजे ताबडतोब वर यायचं. नाखव्याने मास्क चढवण्याआधी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "शंबर आकडं मोज, बाय." आणि शिडीवरून आत उतरला.

"मॅडम, तोपर्यंत तुम्ही हा फॉर्म भरा," ऑफिसर मला म्हणाला. शेजारीच पत्र्याची केबिन होती, तिच्या काचेतून टाकी दिसत होती. मी बसले. कंपनीचं नाव, पत्ता. मेक. मॉडेल. मूळ देश.

'मूळ देश' समोर मी पेन टेकवलं आणि थांबले. लिहिलं की ते माझ्या अक्षरात राहणार होतं. म्हणून मी पाकीट फोडलं.

यादी टाइप केलेली होती. चाळीस ओळी. अनुक्रमांक, वस्तू, सिलिंडरचा नंबर आणि शेवटचा रकाना. त्या रकान्यात ओळीने यू-रेघ-एस, यू-रेघ-एस, मध्येच कुठे एस, पुन्हा यू-रेघ-एस. रकान्याच्या डोक्यावर एकच शब्द होता: कंडिशन.

देशाचं नाव कंडिशनच्या रकान्यात येत नाही.

मी पान उलटलं. शेवटी, बारीक अक्षरांत, दोन ओळी होत्या. एस म्हणजे सर्व्हिसेबल. यू-रेघ-एस म्हणजे अनसर्व्हिसेबल, वापरण्यास अयोग्य, फक्त सुटे भाग काढण्यासाठी विक्री. कोणी काही लपवलं नव्हतं. प्रत्येक सेटच्या गळ्यात त्यांनी लिहून बांधलं होतं की हा चालत नाही. चालणारे सहा सेट आम्ही गोणपाटाखाली ठेवले होते, आणि न चालणाऱ्यांतला एक चढवून नाखवा टाकीत उतरला होता.

यापुढचं मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. मी लगेच उठले नाही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. एक मिनिट असेल, दोन असतील. मी त्या खुर्चीवर बसून त्याच दोन ओळी पुन्हा वाचल्या. अंगणात एवढे लोक फिरले, काही झालं नाही, असं मनात आलं. टाकीपाशी कामगाराने बोट वर केलं, म्हणजे आतून एक झटका आला होता, म्हणजे तो ठीक होता. आता फक्त काही मिनिटं उरली आहेत, तो येईल वर, मग संध्याकाळी बाबांना हळूच सांगू, असंही मनात आलं. काचेतून बाबा दिसत होते. ते ऑफिसरला काहीतरी सांगत होते, हात हलवत, खुशीत. मी आत्ता गेले तर त्या माणसांसमोर मला म्हणावं लागणार होतं की अमेरिका मी म्हटलं होतं.

मग कामगाराने दोराकडे बघितलं आणि दोर थोडा ताणला. नुसताच ढिला पडला असेल. पण मी उठले.

केबिनपासून टाकीपर्यंत वीसेक पावलं होती. मी पळाले नाही, भराभर चालले. बाबांपाशी जाऊन म्हटलं, "बाबा."

त्यांनी माझ्याकडे न बघता हात केला. थांब.

"बाबा, त्याला बाहेर काढा."

माझा आवाज मलाच ऐकू आला नसेल. शेजारी कुठेतरी बॉयलर चालू होता. ऑफिसर घड्याळात बघत म्हणाला, "आठ मिनिटं. चांगलंय."

मी टाकीला बाहेरून लावलेल्या शिडीने वर गेले आणि तोंडापाशी उभ्या कामगाराच्या हातातला दोर धरला. त्याला वाटलं मी पडतेय, त्याने मला जागा करून दिली. मी दोर ओढला. एक, दोन, तीन. मग पुन्हा तीन.

"अरे, ए!" ऑफिसर ओरडला. "मॅडम!"

दोर सैल पडला, मग खालून शिडीवर बुटांचा आवाज आला. नाखव्याचं डोकं टाकीच्या तोंडातून वर आलं. कामगाराने त्याला काखेत धरून बाहेर घेतलं. आम्ही खाली उतरल्यावर त्याने मास्क ओढून काढला. चेहरा लाल झाला होता आणि कपाळावर रबराचा वळ उठला होता.

"कोनी खेचला? अजून टाइम बाकी हाय ना! बरा व्हतो मी आत."

"मॅडमना भीती वाटली," ऑफिसर म्हणाला आणि कामगार हसले. "साहेब, पुढच्या वेळी मुलीला घरी ठेवून या."

बाबा माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. आपली मुलगी असं काही करेल हे त्यांना समजतच नव्हतं.

 मी यादी ऑफिसरच्या हातात दिली आणि शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवलं.

तो वाचत गेला तसं त्याचं हसू गेलं. त्याने सेटवर अजूनही लोंबणारं लेबल धरलं, यादीतल्या नंबराशी ताडून बघितलं. मग खाली बसून सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवला आणि मास्कजवळची कळ दाबली. हवा फुस्स करून बाहेर यायला लागली. आम्ही सगळे उभे राहून तो आवाज ऐकत होतो. तो बारीक होत गेला आणि थांबला. शिट्टी वाजली नाही.

छातीवरचा काटा भरलेल्याच्या खुणेवर होता.

ऑफिसरने काचेवर नख मारलं. काटा हलला नाही.

"किती व्हती आत?" नाखव्याने विचारलं.

"ऐकलंस ना. तीन मिनिटांची. चार धर." ऑफिसर उठून उभा राहिला आणि बाबांशी बोलायला लागला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "हवा संपली की मास्क तोंडाला घट्ट चिकटतो, माहितीय? माणूस घुसमटतो आणि पहिलं काम काय करतो, तर मास्क ओढून काढतो. मग श्वास घेतो. तो श्वास या टाकीतला. एवढा पुरतो. याला काढायला मग आमचा माणूस उतरला असता. आम्हाला दोन मोजावे लागले असते."

"मी दम धरतो," नाखवा म्हणाला.

"पाण्यात धरतोस. पाणी दिसतं."

 बाबांनी रुमाल काढला आणि चष्मा पुसायला लागले, तो पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

परतताना नाखवा मागे बसला नाही. तो सरळ पुढे येऊन खिडकीशी बसला आणि सगळी वाट डोकं बाहेर काढून होता. बाबा मागे सेटशेजारी बसून आले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी व्यापाऱ्याला फोन लावला. मला फक्त इकडची बाजू ऐकू येत होती. बाबा आधी मोठ्याने बोलत होते. मग 'हो, सही माझीच आहे' म्हणाले. मग नुसतंच 'हो', 'हो'. आईने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

तीन-चार दिवसांनी जेवताना ते म्हणाले, "भिवंडीला एक पार्टी आहे. सगळा लॉट घ्यायला तयार आहे. मी सांगणार आहे त्याला, टेस्ट करून घे म्हणून."

आई वाढता वाढता थांबली.

"तू उद्या कोलशेतला जा," ते मला म्हणाले. "ती लेबलं तेवढी काढून टाक."

मी कात्री घेऊन गेले. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण गेले. शेडमध्ये नाखवा एकटाच होता, सेट ओळीने मांडून त्यांच्यासमोर पाटावर बसला होता. माझ्या हातातली कात्री त्याने बघितली.

"लेबला काढाला धाडली?"

मी मान हलवली. मग म्हटलं, "अमेरिका मी म्हटलं होतं. मला माहीत नव्हतं. तरी म्हटलं."

त्याने पाटावरून वर बघितलं. "म्हाईत हाय. साहेबांनी तवाच सांगितला मना, पोरीनं वाचलंय, काय भ्या नको. म्हनून तं गेलो आत."

तो रागावला असता तर मला काही सुचलं असतं. तो रागावला नव्हता. बाजूला पडलेला जाळी कापायचा सुरा त्याने उचलला आणि अंगठ्यावर धार बघितली.

"आता परत वाच," तो म्हणाला. "एकेक."

मी पहिलं लेबल वाचलं. यू-रेघ-एस. चालत नाही. त्याने रबरी नळी मास्कच्या बुडाशी धरली आणि कापली. जुनं रबर होतं, दोनदा फिरवल्यावर तुटलं. दुसरं. तिसरं. सहा-सात झाल्यावर बाहेर रिक्षा थांबली आणि बाबा दारात उभे राहिले. बहुतेक त्यांना घरी बसवलं नसेल.

"नाखवा! अरे काय करतोयस? सगळं बुडेल माझं!"

"बुडंल तं बुडंल, साहेब. मना सवय हाय बुडाची." त्याने मान वर केली नाही. "भिवंडीला ह्यो कोनाच्या पाठीव चढंल, तुमाला म्हाईत हाय? मना नाय. पन चढंल."

बाबा आत आले. मला वाटलं आता सुरा हिसकावून घेतील. मी कात्री पाठीमागे घेतली, का ते माहीत नाही. बाबा कापलेल्या नळ्यांपाशी थांबले. एक उचलली, हातात वाकवली. वाकवली तिथे रबराला भेगा पडल्या. त्यांनी ती खाली ठेवली, कोपऱ्यात गेले आणि गोणपाट ओढून काढलं. ते सहा सेट त्यांनी एकेक करून दाराबाहेर उजेडात नेले. मग बाहेरच, शेडच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसले.

आम्ही पुढे चालू ठेवलं. दुपार झाली. माझा घसा कोरडा पडला होता, एवढं सलग मी कोणाशी बोलले नव्हते. शेवटच्या रांगेत एक लेबल आधीपासूनच पाण्याने भिजलेलं होतं; त्या रविवारी नीट न बघताच आम्ही तो सेट अमेरिकन सेटांत मांडला होता. शाई पसरली होती. एस दिसत होता, पण त्याच्या आधी काही होतं की नुसता डाग होता, कळत नव्हतं. मी ते उजेडाकडे धरलं. डोंबिवलीहून परत आणलेली यादी माझ्या पिशवीत होती, पण तिच्यात त्या नंबराची ओळ नेमकी घडीवर आली होती आणि तिथे कागद फाटला होता.

नाखवा नळी हातात धरून वाट बघत होता. पायरीवर बाबांनी मान थोडी वळवली होती.

"मला नाही कळत," मी म्हटलं. "हा चालणारा असेल. नसेलही. मला माहीत नाही."

"नाय कलत?"

"नाही."

"मंग कापाचा," तो म्हणाला, आणि कापला.